आमची वाटणी करायची नाही

सिंधूताई तायडे शुद्धीवर आल्या तेव्हा आपल्याला डायपर लावलंय हे त्यांना आधी कळलं, कपाळाला टाके पडलेत हे नंतर. टाक्यांचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. डायपरनं मात्र त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी सिस्टरला हाक मारून हे काढा म्हणून सांगितलं. सिस्टर तशी चांगली होती, पण त्या सकाळी दोन मोटरसायकलींच्या धडकेतली माणसं इमर्जन्सीत आली होती आणि तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "आजी, उठायचं नाही, पडाल. सगळं त्यातच होऊ द्या," एवढं बोलून तिनं खाटेचा कठडा वर ओढला आणि ती पलीकडच्या पडद्याआड गेली.

सगळं त्यातच. सिंधूताई छताकडे बघत पडून राहिल्या. देऊळघाटच्या शाळेत पिढ्याच्या पिढ्या पोरांना त्यांनी खिचडी शिजवून घातली होती. ते पातेलं चुलीवरून उतरवायला दोन बायका लागत, आणि दुसरी बाई रजेवर असली की त्या एकट्या उतरवत. आता अंगात जीव तो कितीसा राहिला होता! हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत. पण आपण म्हाताऱ्या झालो हे मान्य करायला त्या कधीच तयार नव्हत्या, आणि त्याला कारणही तसंच होतं. नवरा जानराव विजेच्या खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाल्यावर काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली आणि गेली ती गेलीच. तेव्हापासून त्यांचा हात धरून न्हाणीत नेणं, ताटात भाकरी कुस्करून देणं, सदऱ्याच्या गुंड्या लावणं, सगळं सिंधूताईंकडे. गावातल्या बायका म्हणत, सिंधूताई हाय म्हनून जानरावचं निभून राह्यलं. हे ऐकायला त्यांना बरं वाटे, खोटं कशाला बोला.

त्या सकाळी जानरावांसाठी चहाची कपबशी घेऊन निघाल्या आणि उंबऱ्यापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं त्यांना काही आठवत नव्हतं. आवाज ऐकून जानराव चाचपडत आले, फुटक्या बशीवर त्यांच्या पायाचा तळवा कापला, आणि त्यांनी घातलेल्या हाळीनं शेजारच्या मंजुळाबाई धावत आल्या. मंजुळाबाईंनीच ऑटो बोलावून सिंधूताईंना बुलढाण्याला ट्रस्टच्या दवाखान्यात आणलं. जानराव घरीच राहिले, मंजुळाबाईंच्या सुनेच्या भरवशावर.

हाड मोडलेलं नव्हतं. डोक्याचा फोटोही ठीक आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अंगातलं पाणी पार आटलंय, आणि आडवं असताना ठीक असलेलं बीपी उभं केलं की एकदम खाली येतं. सलाइन द्यावं लागेल, आजचा दिवस इथंच राहू द्या, पुढचं मग ठरवू.

दुपारपर्यंत मुलगा प्रसेनजित खामगावहून आला. तो तिथं ज्युनियर कॉलेजात शिकवतो. येताना वाटेत त्याचा जीव किती कासावीस झाला असेल हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आईच्या कपाळावरून त्यानं हात फिरवला, आणि तिचा डोळा लागलाय असं वाटून खाटेशेजारीच उभं राहून नाशिकला बहिणीला फोन लावला.

सिंधूताईंचा डोळा लागलेला नव्हता.

प्रसेनजित हलक्या आवाजात बोलत होता, तरी सगळं ऐकू येत होतं. आता त्यांना तिथं एकटं ठेवता येणार नाही. आईला मी खामगावला नेतो. पण दोघंही माझ्या दोन खोल्यांत मावणार नाहीत, बाबांना तू ने, समता. तुझ्याकडे खाली खोली आहे, त्यांना जिना चढायला नको. पलीकडून समता काय बोलली ते कळलं नाही, पण प्रसेनजित म्हणाला, "सवय होईल गं. दोघांनाही होईल."

सिंधूताईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. पोरं वाईट नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. वाईट असती तर भांडणं सोपं गेलं असतं. ही तर मायेपोटी त्यांचे दोन भाग करत होती. जानरावांना नाशिकच्या कुठल्याशा खोलीत खाटेवर बसवलेलं त्यांना दिसलं, कुठली भिंत कुठं आहे हेही माहीत नसलेले जानराव. प्रसेनजित चहा प्यायला बाहेर गेला तेव्हा त्यांनी कठड्याला हात घातला, एक पाय वर टाकला आणि सलाइनच्या नळीसकट त्या तिथंच अडकल्या.

त्यांना तशा अवस्थेत धरलं ते रुबिनानं. ती त्या दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. हे नाव उच्चारायला अवघड म्हणून सगळे तिला थेरपीवाली म्याडम म्हणत. म्हातारी माणसं इमर्जन्सीत आली की त्यांना वॉर्डात टाकायचं की घरी पाठवायचं हे ठरण्याआधी ती त्यांना भेटत असे. ती रागावली नाही. सिंधूताईंचा पाय तिनं सोडवला, आणि पहिली गोष्ट काय केली, तर तो कठडा खाली घेतला.

"कुठी निघाल्या, आजी?"

"घरी."

"चप्पल न घालता?"

रुबिना स्टूल ओढून बसली. मी औषध देत नाही, इंजेक्शनही देत नाही, असं तिनं सांगितलं. घरी गेल्यावर तुमचं तुम्हाला काय करता येईल, काय नाही आणि जे येत नाही ते कसं जमवायचं, एवढंच माझं काम. मग तिनं विचारलं की सकाळी उठल्यावर तुम्ही आधी काय करता.

"आधी हे काढ," सिंधूताई म्हणाल्या, "मंग सांगतो."

रुबिनानं सिस्टरला विचारून डायपर काढलं. सिंधूताईंना तिनं एकदम उभं केलं नाही. आधी पाय खाली सोडून बसवलं, पावलं वरखाली हलवायला लावली, थोडं थांबवलं. मग उभं केलं, पुन्हा थांबवलं. असं करत त्या संडासापर्यंत गेल्या. तिथं कमोड होतं आणि बाजूच्या भिंतीला धरायला दांडा. आत गेल्यावर सिंधूताईंनी दार लोटून घेतलं. रुबिना बाहेर उभी राहिली. दांड्याला धरून त्या आपल्या आपण उठल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांची मान ताठ होती.

पण त्यानंतर रुबिनानं त्यांना स्टाफच्या चहाच्या खोलीत नेलं आणि चहा करून दाखवा म्हणाली, तेव्हा त्यांना अपमान वाटला. "पोरी, मी शाळेले जेवू घातलं," त्या म्हणाल्या. रुबिना म्हणाली, मग एका कपाचं काय एवढं. सिंधूताईंनी पदर खोचला. पातेलं घेतलं, पाणी घातलं, गॅस लावला. साखरेचा डबा वरच्या फळीवर होता. त्यांनी टाचा उंचावून हात वर केला आणि त्यांना पुन्हा तीच अंधारी आली. रुबिनाचा हात त्यांच्या पाठीशी आधीपासूनच होता. त्या पडल्या नाहीत. जरा वेळानं सांडशीनं पातेलं उचललं तर मनगट लटपटलं आणि अर्धा चहा ओट्यावर सांडला.

"भांडं बरोबर नाई तुमचं," सिंधूताई म्हणाल्या.

"भांडं चांगलं आहे, आजी."

हे ऐकून त्या खुर्चीवर बसल्या. रुबिनानं ओटा पुसला, उरलेला चहा दोन कपांत ओतला आणि एक त्यांच्यापुढे ठेवला. मग तिनं विचारलं की तुम्ही दिवसभरात पाणी किती पिता. सिंधूताई म्हणाल्या, तहान लागली की. रुबिना म्हणाली, तुमचं रक्त तपासलं त्यावरून तर तुम्हाला कैक दिवसांत तहान लागलेली दिसत नाही. घरी संडास कुठं आहे?

हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नव्हता. डॉक्टरनं नाही, पोरानं नाही. संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि चढायला एक पायरी, चांगली गुडघ्याएवढी. आत उकिडवं बसावं लागे. मागच्या हिवाळ्यात एकदा त्या बसल्या आणि त्यांना उठताच आलं नाही. भिंतीला नखं रोवून, हातावर जोर देऊन, कशाबशा उठल्या तोवर ऊन पार अंगणभर आलं होतं. बाहेर जानराव खाटेवरून हाका मारत होते आणि त्यांनी आतून ओ दिली नव्हती. लाज वाटली. त्या दिवसापासून त्यांनी पाणी कमी केलं. चहा अर्धा कप, जेवताना दोन घोट. जितकं कमी पिऊ तितकं कमी जावं लागेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो हिशेब त्यांनी कोणालाही कळू दिला नाही.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. उलट रुबिनाकडे रोखून बघत राहिल्या, जणू ही आता हसली तर इथून उठून जायचं. रुबिना हसली नाही. ती म्हणाली, "आजी, तुम्ही म्हातारपणानं नाही पडल्या. पाण्यावाचून पडल्या. पण चहाचं तुम्ही पाह्यलं. पहिल्यासारखं सगळं होणार नाही. हे तुमाले मान्य असंल, तर पुढचं मी पाहते."

सिंधूताईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, मान्य करते, पण नाशिक नाही आन् खामगाव नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई, रुबिना आणि प्रसेनजित खाटेभोवती उभे राहिले. समता फोनवर होती. प्रसेनजितनं सगळं ठरवून टाकलं होतं आणि तो ते नीट समजावून सांगत होता. आई तिथं पुन्हा पडली तर बाबा काय करणार? त्यांना दिसत नाही. आज मंजुळाबाई घरी होत्या, उद्या शेतात गेलेल्या असल्या तर? रुबिना म्हणाली की त्या पुन्हा पडू शकतात, नाही कसं म्हणू. पण खामगावच्या जिन्यावरही पडू शकतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्यांची रोजची बीपीची गोळी मी कमी केली आहे, सलाइननं सुधारणा दिसते, उद्या सकाळी उभं राहून बीपी टिकलं तर दवाखान्यात अडकवून ठेवण्यासारखं काही नाही. कुठं जायचं ते तुम्ही ठरवा.

"तुम्ही म्हनजे कोन?" सिंधूताईंनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी पाय खाली सोडले, पावलं हलवली, थोडं थांबल्या आणि खाटेला धरून उभ्या राहिल्या. बसून बोलणं त्यांना मंजूर नव्हतं.

"प्रसेनजित, मी झोपली नव्हती. आमी काय भांडेकुंडे हाओत काय, एक तुले न् एक समताले? तुया बाबाले त्या घरातली एकएक भित ठाव हाय. तिथून उचललं तर त्याईची नजर दुसऱ्यांदा जाईन."

प्रसेनजित काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला.

"मी पानी पेत नव्हती. संडासात मले उठता येत नाई म्हनून पेत नव्हती. आईच्या तोंडून असं ऐकाले तुले कसंतरी वाटत असंन. मलेही सांगाले तसंच वाटून राह्यलं. पन आता सांगतलं. तू मले तुया घरी नेण्यापरीस माया घरात एक दांडा बसवून दे. पडली तर पडली. माया घरात पडीन."

फोनमधून समताच्या रडण्याचा आवाज आला. प्रसेनजित खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि रागाखाली दुसरंही काही होतं. दर महिन्याला तो घरी यायचा, त्याच अंगणातून त्याच संडासात जायचा, आणि त्या पायरीकडे त्यानं कधी आईच्या नजरेनं पाहिलं नव्हतं. वळला तेव्हा एवढंच म्हणाला की उद्या घरी सोडतो, पण हे मला पटलेलं नाही.

"नको पटू दे," सिंधूताई म्हणाल्या आणि खाली बसल्या. पाय त्यांनी वर चादरीखाली घेतले.

सिंधूताई घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत रुबिना स्कूटीवरून देऊळघाटला आली. तिनं घर पाहिलं, पण तिचं पाहणं पाहुण्यासारखं वरवरचं नव्हतं. ती खाटेवर बसली, उठली. संडासात जाऊन उकिडवी बसली. फळीवरचे डबे हात लावून पाहिले. मग कादर वेल्डरला बोलावणं गेलं. कादरनं संडासापाशी आणि न्हाणीत लोखंडी पाइपाचे दांडे बसवले, आणि खुर्चीला मधे भोक पाडून कमोडची खुर्ची करून दिली. उंच पायरीपुढे गवंड्यानं एक बुटकी पायरी चढवली. खाटेच्या पायांखाली विटा गेल्या. चहा-साखर वरून खाली, ओट्याच्या हाताशी आली. सिंधूताईंनी हे सगळं होऊ दिलं. लोखंडाच्या दांड्याला तर त्या मनातून खूश होत्या.

खरं भांडण निघालं ते जानरावांवरून.

रुबिनानं जानरावांना सहज विचारलं की बाबा, तुम्ही दिवसभर काय करता. जानराव म्हणाले, बसून राह्यतो. का, म्हणून विचारल्यावर म्हणाले, ही काही करू देत नाही. मग रुबिना सिंधूताईंना म्हणाली की कणीक भिजवणं, पाणी भरणं, भांडी पुसणं ही कामं यांच्याकडे द्या. तुमचं बळ वाचवा, ते तुम्हाला चालण्यासाठी लागणार आहे.

सिंधूताई उसळल्या. आंधळ्या माणसाला कामाला लावलं तर गाव तोंडात शेण घालेल. मी मेले का? इतकी वर्षं मी यांचं सगळं केलं ते काय उगाच? पोरांशी भांडताना चढला नव्हता एवढा त्यांचा आवाज चढला.

जानराव खाटेवर शांत बसले होते. बशीनं कापलेल्या तळव्यावर अजून पट्टी होती.

"सिंधू," ते म्हणाले, "तू पडली तवा मी घरभर तुले शोधलं. माह्याच घरात. मले पानी कुठी हाय ते ठाव नव्हतं, तुया तोंडावर माराले. खांबावर हातानं चाचपून तारा जोडल्या म्या, आन् घरात मले माठ सापडला नाई. तू मले लहान पोर करून ठेवलं."

सिंधूताई उठून अंगणात गेल्या आणि नव्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. पोरांनी आपल्याला उचलून ठेवायचं ठरवलं तेव्हा आपल्याला किती झोंबलं होतं! आपण ह्यांना इतकी वर्षं तसंच तर ठेवलं होतं, मायेपोटीच. रुबिना त्यांच्या मागे गेली नाही. जरा वेळानं त्या आत आल्या आणि कणकेची परात जानरावांच्या पुढ्यात आदळली.

पहिल्या दिवशी कणीक इतकी सैल झाली की पोळ्या लाटताच येईनात. जानरावांनी हट्ट सोडला नाही. चार दिवसांत त्यांच्या बोटांना अंदाज आला. दारापासून माठापर्यंत आणि माठापासून संडासापर्यंत त्यांनी कादरकडून तार ओढून घेतली, कंबरेच्या उंचीवर, आणि ती धरून ते घरभर हिंडू लागले. पाण्याचा तांब्या भरून बायकोपुढे ठेवायचा आणि रिकामा झाला की नाही हे बोट घालून बघायचं, हे काम त्यांनी स्वतःहून घेतलं. त्यांचं ते बोट घालणं सिंधूताईंना मुळीच आवडत नसे. दोघांची त्यावरून रोज वादावादी होई, आणि मंजुळाबाई म्हणत की या घरातून एवढा आवाज गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता.

थंडी सुरू झाल्यावर सिंधूताई पुन्हा पडल्या. अंगणात ओल्या फरशीवर पाय सरकला आणि त्या कुशीवर आल्या. जानरावांनी हाक मारली, यावेळी त्यांनी लगेच ओ दिली. ते तार धरून आले, पायानं आधी जमीन चाचपली, मग लाकडी खुर्ची ओढून आणली. रुबिनानं दोघांनाही ते करून दाखवलं होतं. सिंधूताई पालथ्या झाल्या, गुडघ्यांवर आल्या, खुर्चीच्या बैठकीवर कोपरं टेकली आणि दम खात राहिल्या. जानरावांनी खुर्ची मागून गच्च धरून ठेवली. दोनदा प्रयत्न फसला. सिंधूताईंनी त्या फरशीला, थंडीला आणि आपल्या गुडघ्यांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि तिसऱ्या वेळी उठून बसल्या.

मंजुळाबाईंना त्यांनी बोलावलं नाही. दुखरा गुडघा शेकला, जेवण केलं, आणि मग प्रसेनजितला स्वतः फोन लावला. पडली होती, उठली, असं सरळ सांगून टाकलं. सिंधूताई वाट बघत राहिल्या. आता हा गाडी घेऊन निघणार, पुन्हा तेच सुरू होणार, असं वाटून त्यांनी मनातल्या मनात कमरही कसली.

"लागलं काय?" त्यानं विचारलं.

"गुडघ्याले. चालता येऊन राह्यलं."

"येऊ काय मी?"

"ये ना," सिंधूताई म्हणाल्या. "पन मले न्याले नको येऊ. रविवारी ये, जेवाले ये. कनीक तुये बाबा भिजवतेत."